मीटर नको, टेप आणा

गणपती जवळ आले की सोलापुरात डीजेवरून भांडण सुरू होतं आणि दरवर्षी ते त्याच दोन वाक्यांवर येऊन अडतं. एक बाजू म्हणते, "हा धांगडधिंगा बंद करा, ही आपली संस्कृती नव्हे." दुसरी म्हणते, "आमच्याच सणाला का? आधी त्यांचं बंद करा." मग पोलिसांची बैठक, मंडळांची बैठक, निवेदनं, फोटो, आणि मिरवणुकीच्या रात्री बाळीवेशीत व्हायचं तेच होतं. एवढ्या वादावादीत गाडीवर बेसचे बॉक्स किती, हे कुणीच विचारत नाही. मला वाटतं खरा प्रश्न तेवढाच आहे. डीजेवर सरसकट बंदी घालणं चूक, आणि तो मोकाट सोडणंही चूक. एका मिरवणुकीला दोन बेस आणि दोन टॉप, त्यापुढे एकही नाही, असा नियम सगळ्या जयंत्यांना, उत्सवांना आणि वरातींना सारखा लावावा. आणि तो रात्री डेसिबल मीटर नाचवून नव्हे, दुपारी बॉक्स मोजून पाळून घ्यावा.

आधी 'डीजे' म्हणजे काय ते पाहू, कारण कायद्यात हा शब्दच नाही. आपल्याकडे त्याला डॉल्बीही म्हणतात, आणि त्यात एक गंमत आहे. १९६५ साली लंडनमध्ये निघालेल्या डॉल्बी कंपनीचं नाव झालं ते टेपवरची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेमुळे. गोंगाट घटवणाऱ्याचं नाव आपण गोंगाट वाढवणाऱ्याला देऊन टाकलं. असो. गाडीवर असतात बेस, म्हणजे बहुतेक वेळा अठरा इंची दोन स्पीकर बसवलेली लाकडी पेटी, टॉप, म्हणजे गाण्याचे शब्द आणि वरचे सूर फेकणारी पेटी, अ‍ॅम्प्लिफायरचं रॅक, आणि मागे जनरेटर. टॉप कुणाच्या जिवावर उठत नाही. भिंत आली, वळण आलं की त्याचा आवाज पडतो. छातीत धडधडतं, पत्रा थरथरतो, कपाटातली भांडी वाजतात, ती सगळी बेसची करामत.

असं का होतं? पन्नास हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास सात मीटर लांब, म्हणजे बावीस-तेवीस फूट. मधला मारुती किंवा माणिक चौकाच्या आतल्या गल्ल्यांची रुंदी पाहा. ती लाट गल्लीत मावतच नाही. ती समोरच जाते असंही नाही, पेटीच्या मागे, वर, चहूकडे पसरते. एकमेकांना चिकटून रचलेल्या पेट्या तिच्या दृष्टीने एकच मोठी पेटी असते. म्हणून बेसची संख्या दुप्पट केली की आवाज तीन नव्हे, सहा डेसिबलपर्यंत चढतो. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा: तीन पायऱ्या, अठरा डेसिबल. कानाला दहा डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते, तेव्हा अठरा म्हणजे काय याचा अंदाज यावा. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती यातलं थोडंफार अडवतात. गिरणगावातल्या चाळींवरचा पत्रा काहीच अडवत नाही, उलट स्वतः वाजायला लागतो.

आता तो मीटर घ्या, ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यांतल्या मर्यादा 'डेसिबल ए' मध्ये आहेत: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. यातलं 'ए' महत्त्वाचं. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून मीटरही ते कमी धरतो. पन्नास हर्ट्झला तो जवळजवळ तीस डेसिबल वजा करतो. म्हणजे गाडीसमोर ११० चा निव्वळ बेस धडकत असेल, तर 'ए' वर काटा ८० दाखवणार. त्याच मीटरवर 'सी' निवडलं तर वजाबाकी जेमतेम दीडच्या घरात येते. पण नियम 'ए' चा आहे. ज्या आवाजाने खिडक्या हादरतात तोच आवाज मोजताना आपण बहुतेक सगळा दरवाज्याबाहेर ठेवतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपबद्दल तर बोलायलाच नको. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. इतका खालचा सूर आणि इतका मोठा आवाज, दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेरचे.

बरं, मीटर अचूक धरला तरी पुढे काय? मिरवणूक चालती. मोजणाऱ्याने कुठे उभं राहायचं, गाडीपासून किती अंतरावर, किती वेळ? त्याच चौकात दोन गाड्या आमनेसामने असतील तर आकडा कुणाच्या नावावर? रात्री साडेनऊला दोन-तीन हजार पोरांच्या गर्दीत फौजदाराने मीटर काढून पंचनामा करायचा आणि गाडी बंद करायला सांगायची, ही अपेक्षा ज्याने केली तो त्या गर्दीत कधी उभा राहिलेला नसणार. म्हणून गुन्हा दुसऱ्या दिवशी दाखल होतो. तोवर म्हाताऱ्यांची रात्र गेलेली असते.

त्याहून अडचणीची गोष्ट वेगळीच आहे आणि बंदीवाल्यांनी ती प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. सार्वजनिक ठिकाणच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहाने जास्त किंवा ७५, यातला जो कमी तो, असा नियम आहे; आणि तो फक्त लाउडस्पीकरला नाही, कुठल्याही आवाजाला आहे. म्हणजे निवासी पेठेत दिवसा ६५. एवढ्यात हलगी बसत नाही. पन्नास ढोलांचं पथक तर सोडाच, दोन ताशे बसत नाहीत. "डीजे बंद, पारंपरिक वाद्यं चालू" म्हणणाऱ्यांनी ताशाशेजारी मीटर धरून पाहावं, काटा शंभरी सहज ओलांडतो. काटेकोर पाळायचा म्हटलं तर सगळं शहर गुन्हेगार, अशी या नियमाची गत आहे. आणि जो नियम सगळेच मोडतात तो कुणावर लावायचा हे लावणारा ठरवतो. "आमच्याच मिरवणुकीला का?" हा प्रश्न इथून येतो. त्याची कुचेष्टा करून चालणार नाही; त्यात तथ्य आहे.

आता डीजेच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं. श्रीमंताच्या पोराला नाचायला क्लब आहे, रिसॉर्ट आहे, लग्नात हॉल आहे. कारखान्यात यंत्रमागावर किंवा गारमेंटच्या मशीनवर दिवसभर बसणाऱ्या पोराला नाचायला काय आहे? रस्ता, आणि तोही वर्षातून दोन-तीन रात्री. त्याला "संस्कृती" शिकवायला येणाऱ्याच्या घरात बहुधा खिडक्यांना जाड काचा असतात. हे मला पटतं. शिवाय हे शहर मिरवणुकीच्या हक्काबद्दल हळवं आहे, आणि असायलाच हवं. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. त्यांच्या नावाचा चौक ओलांडून जाताना "मिरवणुकाच बंद करा" असं म्हणायला जीभ रेटत नाही. रस्त्यावर एकत्र येणं ही इथे चैन नव्हती कधी.

पण नाचायला सोळा बेस लागतात का? हिशेब करून पाहू. बऱ्यापैकी टॉप एक वॅटला एक मीटरवर ९९ डेसिबल देतो. त्याला अडीचशे वॅट द्या, चोवीस वाढतात. अंतर दर वेळी दुप्पट झालं की सहा घटतात. एक, दोन, चार, आठ, सोळा मीटर म्हणजे चोवीस गेले. सोळा मीटरवर, नाचणाऱ्यांच्या शेवटच्या रांगेत, पुन्हा ९९ उरले. हे फक्त एका पेटीचं झालं. शंभर डेसिबलमध्ये कान सुरक्षित राहतो तो सुमारे पंधरा मिनिटं. ८५ ला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, असं ते कोष्टक आहे. तेव्हा नाचायला, घाम गाळायला, घसा बसेपर्यंत ओरडायला दोन टॉप आणि दोन बेस पुरतात. पुरून उरतात म्हटलं तरी चालेल. बाकीचे चौदा नाचणाऱ्यांसाठी नसतात. ते समोरच्या मंडळासाठी असतात.

ही चढाओढ कशी चालते तेही पाहण्यासारखं आहे. संध्याकाळी सहाला ऑपरेटर आवाज बेताचा ठेवतो. तासाभरात त्याचे स्वतःचे कान बधिर होतात, मघाचाच आवाज त्याला पडल्यासारखा वाटतो, तो बटण थोडं वर सरकवतो. चौकात दुसरी गाडी समोर आली की आणखी. दर तीन डेसिबलला अ‍ॅम्प्लिफायरकडून दुप्पट ताकद मागितली जाते. थोड्या वेळात तो कापायला लागतो, म्हणजे लाटेचे शेंडे छाटले जातात आणि गाण्यात ती फाटकी करकर येते. जनरेटरचा व्होल्टेज दबतो, एखाद्या स्पीकरची कॉइल जळते, जळकट वास येतो, आणि जळालेल्याची भरपाई म्हणून उरलेल्यांना आणखी रेटतात. रात्री नऊनंतर जे ऐकू येतं ते गाणं नसतंच. ते कुणाला ओळखूही येत नाही. नाचणारे बेसच्या ठोक्यावर नुसते हलत असतात.

आणि यात मरतं ते लेझीम. सोलापूरच्या गणेशोत्सवाची खरी ओळख लेझीम. मिरवणुकीच्या कितीतरी आधीपासून संध्याकाळी मैदानांत सराव चालतो. 'चार आवाज', 'आठ आवाज' अशा नावांचे डाव चालतात, मग ते बदलतात, सत्तर-ऐंशी हात एका क्षणी खाली येतात. या सगळ्याला धरून ठेवते ती हलगी. भाद्रपदातल्या दमट हवेत तिचं कातडं सैल पडतं, म्हणून वाजवणारे मधूनमधून थांबून कागदाच्या जाळावर ती शेकतात. टणत्कार परत आला की पुढचा डाव. शंभर फूट मागे सोळा बेसची गाडी उभी राहिली की आधी शेवटच्या रांगेला हलगी ऐकू येईनाशी होते. ती रांग समोरच्याचे हात पाहून खेळायला लागते, म्हणजे पाव ठोका मागे पडते. मग मधली रांग. पाच मिनिटांत डाव मोडतो. लेझीम "तरुणांना नको आहे" म्हणून मागे हटतंय, हे म्हणणं मला पटत नाही. खेळणाऱ्याला स्वतःचं वाद्य ऐकू येत नसेल तर तो खेळणार कसा? दोन बेस आणि मध्ये पन्नास मीटर मोकळं अंतर ठेवलं तर दोन्ही एका रस्त्यावर नांदू शकतात.

"वर्षातून एकच दिवस तर आहे, तेवढं सोसा की." हे म्हणणंही खोटं नाही. शिवजयंती एकच दिवस. आंबेडकर जयंतीची मिरवणूक एकच दिवस. बसव जयंती, अहिल्यादेवींची जयंती, अण्णा भाऊंची जयंती, ईद-ए-मिलाद, गणपतीचं आगमन, विसर्जन, देवीची मिरवणूक, प्रत्येकाचा एकच. त्यात लग्नसराईतल्या वराती आणि निवडणुकीचा गुलाल. सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेवरचा माणूस मात्र सगळ्यांचाच शेजारी. त्याच्याकडे एकेकाचा एक दिवस येत नाही, सगळ्यांचे येतात.

"सोलापूर आवाजाचंच शहर आहे" असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो अगदीच टाकाऊ नाही. जुन्या गिरणीचा भोंगा झाला की शहर उठायचं, भोंग्यावर पाळी बदलायची. पूर्व भागात आजही धोट्याच्या मागांची खटखट गल्लीभर ऐकू येते. त्याबद्दल कुणी निवेदन दिलं नाही. का? कारण भोंगा ठरल्या वेळी व्हायचा, ठरला तेवढाच व्हायचा, आणि त्यातून सगळ्यांनाच काहीतरी कळायचं. मागाच्या खटखटीची किंमत मात्र कामगारांनी चुकवली, हे विसरू नये. माग-खात्यात आवाज नव्वदीच्या वर असतो. बरीच वर्षं तिथे काढलेल्या माणसाचा आधी वरचा सूर जातो, चार हजार हर्ट्झच्या आसपासचा. मग बायका-पोरांचं बोलणं अस्पष्ट होतं, टीव्ही मोठा करावा लागतो. त्याच घरातला नातू आता गाडीसमोर चार तास उभा राहतो. आजोबाने पोटासाठी कान दिले. नातू कशासाठी देतोय?

आणि ज्यांना वाटतं की आवाज मोठा असल्याशिवाय मिरवणूक भव्य होत नाही, त्यांनी इथल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज आठवावेत. तीस फुटांच्या आसपास उंचीच्या सात काठ्या, बाराबंदी घातलेले मानकरी, आणि एक एक काठी एकाच माणसाच्या कमरेवर तोललेली. सगळी गर्दी श्वास धरून पाहते ती काठी कलते का, सावरते का. सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्यात संमती वाचन चाललेलं असताना लाखभर माणूस हातात तांदूळ घेऊन कान देऊन उभा असतो, आणि मग एकदम उठतो तो "हर्र बोला हर्र". त्या गजराला अंगावर काटा येतो, कारण त्याच्या आधी शांतता असते.

उरला रोजगाराचा मुद्दा. साउंडवाल्यांनी कर्ज काढून गाड्या बांधल्या, त्यांचं काय? हा मुद्दा बंदीच्या विरोधात जातो, मर्यादेच्या विरोधात नाही. बंदी आली तर धंदाच बसतो. मर्यादा आली तर सोळा बेस असलेल्या माणसाला एका सुपारीऐवजी आठ मंडळांची कामं घेता येतात. लहान साउंडवाला, ज्याच्याकडे चारच पेट्या आहेत, तो आज स्पर्धेतून बाहेर फेकला गेलाय, त्यालाही काम मिळतं. आणि मंडळांचा वर्गणीतला पैसा जो निव्वळ समोरच्याला दाबण्यासाठी जातो, तो वाचतो. खरं सांगायचं तर मंडळांचे कार्यकर्तेही या चढाओढीला कंटाळले आहेत. फक्त आधी कोण मागे हटणार हा प्रश्न आहे. दोघांनाही एकाच वेळी मागे घेणारा नियम असला की कुणाचं नाक कापलं जात नाही.

मोजणी कशी करायची? मिरवणूक निघण्याच्या ठिकाणी, दुपारी तीनला, गर्दी जमायच्या आत. एक पोलीस, एक आरटीओचा माणूस, हातात टेप. बेस दोन, प्रत्येकी अठरा इंची दोनच स्पीकर, टॉप दोन. पेट्या गाडीच्या हौद्याबाहेर एक इंचही नकोत. गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहेच, त्यासाठी आवाज मोजायची गरज नाही. जनरेटर १५ केव्हीएच्या वर नको. चार पेट्यांना तेवढा पुरेसा आहे. ज्याने १२५ चा आणलाय त्याचा बेत त्यावरूनच कळतो. मोजून झालं की गाडीवर नंबर टाकलेला कागद चिकटवायचा. वाटेत गल्लीतून दुसरी गाडी येऊन जोडली जाते, हा नेहमीचा डाव; तिच्यावर कागद नसेल तर ती थांबवायला मीटर लागत नाही, दुरूनही दिसतं. असे निर्देश द्यायला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ आणि ३६ मध्ये मिरवणुका आणि रस्त्यावरचं वाद्यवादन यांबाबतचे अधिकार आहेत, नवा कायदा नको. मीटर तेवढा दवाखान्यांसमोर ठेवा, आणि घड्याळ रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो की नाही ते पाहायला. सणांसाठी रात्री बारापर्यंत सूट देण्याची तरतूद वर्षाला पंधरा दिवसांपुरती आहे. ते पंधरा दिवस कोणते, हे जानेवारीतच जाहीर करावं. ऐन वेळी कुणाच्या फोनवर वाढवू नये.

कुणी म्हणेल, दोन बेसनेही कायद्याचे ६५ ओलांडलेच जाणार. जातील. पण आज कागदावर ६५ आणि रस्त्यावर सोळा बेस आहेत. मोजता येईल असा नियम हाताशी असला तर निदान तो मोडला की नाही यावर वाद होत नाही, आणि कुणाची गाडी अडवली, कुणाची सोडली, हे पोरांनाही मोजता येतं.

सगळ्या उत्सवांच्या मध्यवर्ती मंडळांना एका टेबलाशी बसवून हा आकडा ठरवावा. दोनाऐवजी तीन ठरले, अगदी चार ठरले, तरी बिघडत नाही. फेब्रुवारीत ठरलेला आकडा एप्रिलमध्ये, सप्टेंबरमध्ये आणि नगरसेवकाच्या मुलाच्या वरातीत तोच राहिला पाहिजे.